दोघींची किळस

तिसगावच्या कोरड्या रानात बोर उगवते, लिंब उगवतो, बाभूळ तर न विचारताच उगवते. पण जर्दाळू कुणी लावत नाही. शरिफाबीच्या अंगणात तो होता, कारण तिचा नवरा जैनुद्दीन आठवडे बाजारात सुकामेवा विकायचा आणि खराब निघालेला मालही त्याला फेकवायचा नाही. सडक्या जर्दाळूच्या बिया त्याने मोरीच्या पाण्याजवळ खुपसून दिल्या. त्यातली एक उगवली. झाड छपराच्या वर गेलं, जैनुद्दीन मातीखाली गेला, फळ मात्र धरलं नाही. एका वर्षी थंडी सरता सरता चार पांढरी फुलं आली होती, तेवढ्यावर शरिफाबी अजून बोलायची.

तिच्या सुनेला, मेहरीनला, त्या झाडाची शिसारी होती. नगरला माहेरी तिने गच्चीत कुंड्यांमधून मोगरा वाढवला होता. झाडाची किळस येऊ शकते हे तिला या घरात कळलं. त्याच्या बुंध्यातून डिंक गळायचा, सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा, पिवळट, तारा धरणारा. त्यात मुंग्या चिकटून मेलेल्या असायच्या. आणि मटण आणलं की शरिफाबी ते धुतलेलं लालसर पाणी नेमाने त्याच्या मुळाशी ओतायची. "झाडाला ताकद येते," म्हणायची. गुलाबाला घालतात, डाळिंबाला घालतात, मग याला का नाही? दुपारी ऊन चढलं की अंगणात असा काही वास सुटायचा की मेहरीन तांदूळ निवडतानाही ओढणी नाकाशी धरायची. हिरव्या माश्या तर घरच्याच झाल्या होत्या.

त्यात मेहरीनची उझ्मा रांगायला लागली.

पोर गुडघ्यांवर निघाली की थेट झाडाकडे. एक दिवस मेहरीन दोरीवरचे कपडे काढून वळते तो उझ्माच्या गालाला डिंकाचा गोळा, मुठीत डिंक, आणि तोंड चघळतंय. मेहरीनने बोट घालून तोंड साफ केलं. हाताला लागलं ते चिकट, कोमट, आंबूस. पोर मात्र हसत होती, दोन दातांनी.

"अम्मी, हे झाड काढून टाका ना," मेहरीन म्हणाली.

"डिंकानं काय हुतं? बाळंतिणीला लाडवात घालून देतोच की," शरिफाबी बाजेवरून म्हणाली.

"तो हा डिंक नाही."

"तुला लई कळतं."

पण मेहरीनच्या मनात सलत होतं ते वेगळंच. शरिफाबीने नातीला जन्मापासून एकदाही स्वच्छ केलं नव्हतं. मांडीवर घ्यायची, पापे घ्यायची, तीट लावायची. पण लंगोट ओला झाला की हात लांब करून पोरीला जणू तापलं भांडं धरावं तशी धरायची. "ए दुल्हन, घे हिला. कपडे नापाक झाले तर नमाज कशी पढू?" आणि लंगोटात दुसरं काही असलं तर नुसतं नाक मुरडून भिंतीकडे तोंड. पोटच्या आदिलला, मेहरीनच्या नवऱ्यालाही, शरिफाबीच्या सासूनेच वाढवलं होतं म्हणे. ही अशीच होती, जन्माची.

म्हणून दिपालीचा फोन आला तेव्हा मेहरीनला आधी आनंद झाला आणि मग रडू आलं. दिपाली तिची कॉलेजातली मैत्रीण, शेवगावच्या एका शाळेत शिकवायची. शाळेत बालवर्गाला बाई हवी होती, सकाळचीच वेळ, दुपारच्या जेवणाला घरी. मेहरीनने वर्ग कसा असतो हे आठवून पाहिलं. खडूचा वास, स्वच्छ हात. तिला त्या वासाची भूक लागली.

"अम्मी, फक्त सकाळी सांभाळायचं आहे."

"सांभाळीन. पन घाण केली तर?"

"तर धुवायची."

शरिफाबीने तोंडावर पदर घेतला. "ते माझ्यानं व्हनार न्हाई बाई. मला उलटी येते. तू ये मग मधून."

"शेवगावाहून?"

आदिल एमआयडीसीत कामाला, रविवारी घरी. तो म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा," आणि चपला घालून बाहेर गेला.

पुढच्या आठवड्यात झाडाची पानं वरून करपायला लागली. शरिफाबीने नेहमीचा उपाय केला होता: बुंध्याला जिथे जिथे डिंक फुटला तिथे शेणमातीचा जाड लेप थापला होता, जखमेला पट्टी बांधावी तसा. तरी पान गळतच होतं. शेवटी तिने शेजारच्या गोरक्षनाथला हाक मारली. त्याने आल्या आल्या काठीच्या टोकाने लेप टोकरला. खपली निघावी तशी शेणमाती खाली आली आणि आतून ओला भुसा भळाभळा गळाला. त्या भुशात जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. एक नाही, दोन नाही, नुसतं वळवळणं. मटणाच्या पाण्याने भिजून भिजून मुळाशी साल मऊ पडली होती, बोट घातलं तर आत जाईल अशी. वास आला तो मेलेल्या उंदराचा.

गोरक्षनाथ दोन पावलं मागे सरला. "काकी, ह्ये तोडा. जळनालाबी नगं. मी हात न्हाई लावत."

"हात न्हाई लावत म्हनं. मर्द हायस का कोन?"

"मर्द हाय म्हनून काय अळ्या खाऊ?" तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला.

शरिफाबी स्वतः वाकायला गेली. गुडघा वाकेना, तरी भिंतीला धरून कशीबशी बसली. डोळ्यांत मोतीबिंदू, तिला भोक दिसेना, अळी दिसेना. ती चाचपडत अळी शोधत होती, उघड्या बोटांनी, त्या घाणीत. तिला किळस नव्हती. मेहरीन दारात उभी राहून बघत होती. हिला हे चालतं. माझ्या पोरीचं चालत नाही.

"दुल्हन," शरिफाबी मागे न बघता म्हणाली, "तुझी नजर चांगली हाय. काढ ना तेवढ्या."

"मला किळस येते, अम्मी."

"थोडी सोस."

"उलटी येते."

शरिफाबीने मान वळवली. घरात उझ्मा जागी होऊन रडत होती आणि ती का रडते आहे ते वासावरून दोघींना कळत होतं.

"मी हे करते," मेहरीन म्हणाली, "तुम्ही ते करा."

शरिफाबी भिंतीला धरून उठली, नाकावर पदर गच्च बांधला आणि आत गेली. मग आतून आवाज येत राहिले: पाण्याचे, ओकारीचे, आणि मधूनमधून, "किती खातीस गं तू, आं? भवाने, किती खातीस?"

मेहरीनने सायकलच्या चाकाची तार घेतली. मोबाईलवर बघून घेतलं होतं: भोकात तार घालायची, ओढायची, मऊ पडलेली साल टणक लाकूड लागेपर्यंत खरवडायची, लेप लावायचा नाही, उघडं ठेवायचं. पहिली अळी तारेवर फुटली आणि पांढरं पाणी मनगटावर आलं. मेहरीन बाजूला जाऊन ओकली. तोंड धुतलं, परत बसली.

तेच मग रोजचं ठरलं: झाड मेहरीनचं, सकाळची उझ्मा शरिफाबीची, आणि मेहरीन शेवगावच्या शाळेत जायला लागली. सकाळी निघण्याआधी तार, दुपारी आल्यावर सुरी. मटणाचं पाणी आता गटारात जायचं. शरिफाबी ओतताना झाडाकडे बघायचीही नाही. पण जितकं खरवडावं तितकं आत कुजकंच लागत होतं. बुंधा पोखरून पोकळ होत चालला, वरची फांदी वाळली, आणि मेहरीनच्या नखांतला तो वास खडूनेही जाईना. बालवर्गातली पोरं हात धरायची तेव्हा तिला लाज वाटायची.

एका सकाळी तार पलीकडून बाहेर निघाली. हे आता सांगितलं तर अम्मी म्हणेल, झाड न्हाई तर करार कशाचा? आणि न सांगितलं तर किती दिवस या मेलेल्या लाकडात हात घालत बसायचं? तिला दोन्हींची सारखीच घृणा आली.

"अम्मी," ती म्हणाली. "हे गेलं. आत काही नाही राहिलं."

शरिफाबी ओट्यावर उझ्माला पालथी घालून बसली होती. पदर नाकावर, तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. पण ओलं फडकं दोन्ही बाजूंनी नीट फिरत होतं. तिने झाडाकडे पाहिलं नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "वरची फांदी परवाच हाताला मोडून आली. गोरक्ष्याला सांगीन मी तोडायला." मग फडकं बादलीत टाकत ओरडली, "शी. बघ, हितं परत केलं हिनं. ऊठ, हात धू साबनानं. तुझी बस निघंल."