कुणाचा राब सरस

आमच्या पोशीरच्या घरात हवामानाची परिषद रोज भरते. एकीकडे माझे सासरे आबाजी, दुसरीकडे माझा नवरा किरण, आणि मध्ये चहा देणारी मी. किरण मोबाइलवर कुठलातरी पूर दाखवून 'हवामान बदललंय' म्हणतो, की आबा म्हणतात, "पाऊस पयल्यापासून लहरीच हाय." ऊन वाढलं तरी दोघंही खरे ठरतात, गारवा पडला तरी दोघंही. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं, आणि नवलही वाटायचं. एकच आभाळ बघून दोन माणसांची इतकी वेगळी खात्री कशी होते?

यंदा गाडी राबावर आली. भाताची रोपं जिथं करायची, ती जागा उन्हाळ्यात तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून भाजून घ्यायची, ही आमच्याकडची रीत. किरण म्हणाला, फांद्या तोडून धूर करायचा नाही, असल्यानंच हवा बिघडते. आबा म्हणाले, भाजल्याशिवाय रोप जोर धरत नाही. बी मात्र एकच, आमच्या घरच्या वासाच्या भाताचं. ते दुकानात मिळत नाही. रोपं फसली तर ते भात आमच्या घरातून गेलंच. शेवटी मी बी निम्मं निम्मं वाटून दिलं. आबांनी भाजलेल्या वाफ्यात पेरलं, किरणनं शेणखत घालून न भाजलेल्यात.

रोपं लावणीला आली तेव्हा माझ्यातली कळलावी जागी झाली. दोन्हीकडची एकेक मूठ उपटून, बांधून मी ओटीवर ठेवली आणि कुठली कुणाची ते मुद्दाम उलटं सांगितलं.

आबांनी किरणची मूठ उचलली. "मुळं बग गं कशी हायेत. राखंचा जोर हाय ह्यो."

किरणनं आबांची घेतली. "बघितलंस? धुराशिवाय किती हिरवीगार."

वर दोघांनी एकमेकांच्या मुठीत पिवळी पानंही शोधून काढली. मग मी खरं सांगून टाकलं. आणि मी जिंकल्यासारखी बघत राहिले.

"मंग राखंचं पानी वाहून त्याच्या वाफ्यात गेलं आसंल," आबा म्हणाले.

"आणि तुमचा वाफा यंदाच्या अवेळी पावसानं तरला," किरण म्हणाला.

मला हसू आवरेना. पाणी खरंच तिकडं वाहतं का, ते बघायला मी दोघांना शेतावर नेलं. उतार उलट्या बाजूला निघाला, पण तो विषय कुणी काढला नाही, कारण आबा वाफ्यात खाली बसले होते.

"हितली रोपं कुठं गेली?"

भाजलेल्या वाफ्यात मोकळी जागा होती. न भाजलेल्यातही तशीच.

"गेल्या कापणीला पाऊस आला, तवाचं भिजलेलं बी हाय," आबा म्हणाले. "दोनीकडं निम्मं उगवलंच नाय."

"शेताला पुरतील का?" किरणनं विचारलं.

"बियापुरतं वाचलं तरी लय झालं."

"आबा, तुम्ही तर रोज येत होता इथं."

"तू बी येत व्हतास की."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मुठी बांधताना मी याच मोकळ्या जागा ओलांडत गेले होते, माझ्या गमतीसाठी चांगली रोपं शोधत.