चौथा स्क्रू

दमयंतीबाईंच्या बॅगेतून गोडा मसाला निघाला, थालीपिठाची भाजणी निघाली, सारंगच्या आवडीच्या कुरडया निघाल्या आणि सगळ्यांत खाली, जुन्या इरकलीच्या तुकड्यात गुंडाळलेली हार्ड डिस्क निघाली. गुंडाळण्याची निगुती पाहून वल्लरीला वाटलं, चांदीचं काहीतरी असणार. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"ही तेवढी तुमच्या मशीनला लागते का बघ गं. नाही लागली तर राहू दे, काही अडत नाही."

अडत होतं, चांगलंच अडत होतं. पुण्यात दमयंतीबाई घरी बसून पुस्तकांची अक्षरजुळणी करत. त्यांचे फाँट जुने, ते चालवणारं सॉफ्टवेअर त्याहून जुनं, आणि ते चाले फक्त त्यांच्या विंडोज सेव्हनवर. निशिकांत नावाच्या प्रकाशकाचं अर्धं पुस्तक त्या डिस्कवर होतं. नवरा गेल्यावर बाई एकट्या राहून पार वाळून गेल्या होत्या, म्हणून सारंगने लाँग टर्म व्हिजिट पास काढून त्यांना परदेशी, आपल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटवर आणलं. "आता इथेच राहा," असं तो विमानतळावर सामान उचलता उचलताच म्हणाला. त्या म्हणाल्या, "बघू."

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही या 'बघू'चा अर्थ समजावून सांगायला नको.

आणि बाईंना काही म्हणजे काही नको असे. उशी पातळ आहे का? छे, छान आहे. चहात साखर? आहे तेवढी पुरे. सारंगने नवा लॅपटॉप घ्यायचं काढलं, तर "कशाला उगाच? मी काय इथे जन्म काढायला आलेय?" बाई घरात वावरायच्या ते थेट पाहुण्यासारख्या, आपली वाटी आपण विसळून जागेवर पालथी घालून.

वल्लरी विद्यापीठात पोस्टडॉक होती. समुद्राच्या प्रवाहांची तिची गणितं विंडोजवर नव्हे, लिनक्सवर चालत, आणि घरचा मोठा कॉम्प्युटर तिनेच सुटे भाग आणून जोडला होता. शनिवारी सकाळी ती त्याचं कॅबिनेट उघडून जमिनीवर बसली. आधी तिने स्वतःच्या डिस्कची वायर काढून ठेवली.

"आई, एक लावताना दुसरी सोडवून ठेवायची. नाहीतर चुकून एकीवरचं दुसरीवर लिहिलं गेलं, की बोंबला!"

जीभ चावून तिने वर पाहिलं. सासूबाई हसत होत्या. मग डिस्क जोडली, बटण दाबलं आणि समोर बिघाड सांगणारा निळा पडदा आला. बाईंचं हसू मावळलं. पदराचं टोक मुठीत धरून त्या स्टुलावर बसून राहिल्या. एकदाही 'होईल ना गं?' म्हणाल्या नाहीत, आणि त्यामुळेच वल्लरीला जास्त घाम फुटला. सेटिंग बदल, ड्रायव्हर घाल, पुन्हा चालू कर, असं करता करता जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी बाईंचा ओळखीचा पडदा उघडला, जास्वंदीच्या फोटोसकट.

"आली बाई!" दमयंतीबाई म्हणाल्या. स्टेशनवर माणूस उतरलेलं दिसल्यावर म्हणतात ना, तशा.

मग वल्लरीने आपलीही डिस्क जोडली आणि सासूबाईंना समजावलं: मशीन चालू होता होता हे बटण दाबलं, की दोन्ही डिस्कची नावं दिसतात. जे नाव वर असेल ती आधी उघडते. हवा तर क्रम बदलायचा. बाईंनी मान डोलावली. आता डिस्क तिच्या खणात सरकवून स्क्रू पिळायचे, एवढंच उरलं होतं. वल्लरीने स्क्रूड्रायव्हर उचलला, तर बाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे गं. जाताना काढावीच लागेल. पक्की कशाला करतेस?"

"अहो, पण सुटी राहिली तर हलेल."

"हलू दे थोडे दिवस."

तिथेच, कॅबिनेटच्या तळाशी इरकलीची घडी घालून त्यांनी डिस्क त्यावर निजवली. वल्लरीला ते लागलं, फार लागलं. तिला त्या हव्या होत्या. सारंगची आई म्हणून नव्हे, तिला स्वतःला. संध्याकाळी लिफ्टमधून उतरल्यावर आपल्या दारातून फोडणीचा वास यावा आणि "आलीस? हातपाय धू" असं कुणी म्हणावं, याची तिला आठवड्याभरातच सवय लागली होती. पण सुनेने सासूला 'मला तुम्ही हव्या आहात' असं म्हणायचं कसं? त्यापेक्षा समुद्राची गणितं सोपी.

म्हणून तिने तिला जमणारी गोष्ट केली. रोज आपलं काम संपलं, की मशीन बंद करण्याआधी ती विंडोजचं नाव वर नेऊन ठेवायची. सकाळी आईंनी नुसतं बटण दाबावं आणि जास्वंद उघडावी. चष्मा सावरत बारीक अक्षरांत नाव शोधत बसायला नको.

गंमत अशी, की संध्याकाळी ती मशीन चालू करी तेव्हा लिनक्स उघडे. पहिल्यांदा वाटलं, आपणच विसरलो. मग रोजच तसं व्हायला लागलं.

"बोर्डावरची छोटी बॅटरी संपली असेल," ती सारंगला म्हणाली. "सेटिंग धरूनच ठेवत नाहीये."

"मग नवी घाल," पाया लेबारच्या ऑफिसातून दमून आलेला सारंग म्हणाला. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. "आई, तिकीट महिनाअखेरचं आहे. पुढे ढकलू का?"

"बघू," स्वयंपाकघरातून आवाज आला.

बॅटरी संपली असती तर मशीनचं घड्याळही चुकलं असतं. ते तर बिनचूक चाललं होतं. पण डॉक्टरेट झालेल्या आमच्या वल्लरीच्या हे लक्षात आलं नाही, कारण तिच्या डोक्यात महिनाअखेर घुमत होती.

रविवारी तिने बॅटरी आणली आणि कॅबिनेटचं झाकण काढलं. तळाशी इरकलीची घडी नव्हती. डिस्कही नव्हती. काढली! न सांगताच बॅगेत भरली!

मग तिला दिसली. वरच्या खणात, तिच्या स्वतःच्या डिस्कला लागून, दमयंतीबाईंची डिस्क नीट बसवलेली होती. स्क्रू पिळलेले होते.

"आई!"

बाई हात पुसत आल्या. हातात इरकलीचाच तुकडा होता. त्याचं आता फडकं झालं होतं.

"हे तुम्ही लावलेत?"

"मग काय? सुटी कुठवर ठेवायची?" त्या स्टुलावर टेकल्या. तिच्या हातातली बॅटरी पाहून म्हणाल्या, "आणि ती कशाला आणलीस? मशीनला काही झालेलं नाही. तुझं नाव मी वर नेते. चार वाजता काम आवरलं, की तुझं लावून ठेवते. दमून येतेस, आल्या आल्या आणखी खटाटोप नको."

वल्लरीने बॅटरी खाली ठेवली.

"आणि रोज सकाळी उघडावं तर माझंच वर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला झाला. "पहिल्या दिवशी वाटलं, मीच चुकले. मग कळलं. अगं, निजण्याआधी आठवणीने माझी सोय लावणारी पोर इथे असताना पुण्याला जाऊन मी बोलू कुणाशी?"

वल्लरीचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. दमयंतीबाईंनी फडकं पुढे केलं, मग धूळ बघून मागे घेतलं आणि पदर दिला.

"एक काम कर. तुझ्या डबीत तीनच स्क्रू सापडले. चौथा आण."

आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी 'राहू दे' न म्हणता या घरात काहीतरी मागितलं होतं. वल्लरी तशीच उठली, चपला घातल्या.

"ऐन उन्हात कुठे निघालीस?" सारंगने विचारलं.

"आईंना स्क्रू हवाय," ती म्हणाली, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच खाली गेली.