प्रभावाचा रकाना

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला विनोदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान एवढं लहान, की गिऱ्हाईक आत आलं की विनोदला खुर्ची सोडून उभं राहावं लागतं. मूळचा तो तलासरीचा. नाव विनोद असलं तरी त्याला हसताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. लहानपणापासून असाच आहे, असं त्याची आई सांगते.

दुरुस्तीला आलेला एक जुना फोन वर्षभर त्याच्या खणात पडून होता. फोन कामातून गेला होता, मेमरी कार्ड तेवढं धड होतं. लोकांची कार्डं उघडून बघायची सवय विनोदला नव्हती. पण वर्षभर कुणी चौकशीलाही आलं नाही, तेव्हा एका दुपारी त्याने ते स्पीकरला लावलं. आत एक्केचाळीस गाणी निघाली. नावं नव्हती. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, असं सरळ एक्केचाळीसपर्यंत. एक गिटार, एका माणसाचा आवाज आणि मागे एकसारखी ढक-ढक, ढक-ढक. भाषा इंग्रजी. विनोदला ट्रक, रोड, मदर आणि व्हिस्की एवढे शब्द कळले. गाणारा ओरडत नव्हता, लाडातही येत नव्हता. डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगावं तसा गात होता. विनोदने दुकान बंद करेपर्यंत दुसरं काही लावलं नाही.

त्याच आठवड्यात निर्मला फुटलेला स्क्रीन घेऊन आली. ती गंजाडची, डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. ट्रॅक सतरा चालू होता. तिने तो अख्खा ऐकला.

"याची आई गेली काय?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बायको सोडून गेली असेल."

"बायको गेल्यावर माणूस असा गात नाय. आई गेल्यावर गातो."

स्क्रीन बसेपर्यंत ती बाकावर बसून त्याच चालीत गुणगुणत होती. आवाज जाडसर, खालचा, अजिबात न थरथरणारा. विनोदने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुम्ही गाता?"

"भात लावताना."

"हे गाल?"

"मला इंग्लिश येत नाय."

"मलाही नाही," विनोद म्हणाला. एवढ्यावर बँडची स्थापना झाली.

नरपडच्या एका होमस्टेत पाहुण्यांनी टाकून दिलेली गिटार विनोदने मिळवली. तिला पाचच तारा होत्या. तो तिच्यावरच शिकला, त्यामुळे पुढे सहावी तार बसवली तेव्हा ती त्याला अडचणीची वाटू लागली. शब्द निर्मलाने आणले. ट्रॅक सतराच्या चालीत सुरू केलेलं तिचं पहिलं गाणं वाटेत वळून कुठल्या कुठे गेलं:

फाट्यावर मी उभी, जीप भरून गेली,
हात केला, ड्रायव्हरने मान हलवली,
नाय रे नाय, जागा नाय,
मागे लटकलेल्यांचे नुसते दिसले पाय.

बँडचं नाव 'भरलेली जीप' ठेवलं.

अशा गाण्यांना बँजो लागतो, हे विनोदला मोबाइलवरच्या एका व्हिडिओत कळलं. त्याने दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली: 'बँडसाठी बँजो वाजवणारा पाहिजे.' तिसऱ्या दिवशी तलासरीहून काकड्या आला. वय पन्नासच्या पुढे. हळदीत आणि वरातीत वाजवणाऱ्या बँजो पार्टीचा तो मुख्य वादक. बरोबर पेटीसारखं लांबट वाद्य, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं, आणि एक भोंगा. विनोदने मोबाइलमधलं चित्र पाहिलं. त्यातला बँजो गोल होता, त्याला लांब दांडा होता.

"काका, हा बँजो नाही."

"पंचवीस वर्षं हाच बँजो आहे," काकड्या म्हणाला. "तुमचं गाणं लावा."

ट्रॅक नऊ त्याने एकदाच ऐकला आणि वाजवला. प्रत्येक ओळीच्या शेवटी हळदीतली गिरकी आपोआप येत होती. निर्मला म्हणाली, आता कुठे हे गाणं आपल्याकडचं वाटतं. विनोदने काचेवरची चिठ्ठी काढली.

ढोलाला काकड्याने आपल्याच पार्टीतला झिपरू आणला. झिपरू बोलत नसे, त्यामुळे त्याचं कुणाशी भांडण झालं नाही. त्याने कार्डातली सगळी गाणी ऐकून घेतली आणि त्यातली ती मागची ढक-ढक जशीच्या तशी उचलली.

थंडीत नरपडच्या किनाऱ्यावर दोन दिवसांचा संगीत महोत्सव व्हायचा होता. विनोदने एक गाणं पाठवून दिलं. मुंबईहून प्राजक्ता नावाच्या आयोजक मुलीचा फोन आला.

"किती ओरिजिनल आहे हे! हे तर चक्क ऑल्ट-कंट्री, अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा नवा प्रकार. फॉर्ममध्ये प्रकाराच्या पुढे तसंच लिहा."

विनोदने तसं लिहिलं. काकड्याला ते पटलं नाही. तलासरीत कंट्री हा शब्द त्याने एकाच दारूच्या दुकानाच्या पाटीवर पाहिला होता, आणि ते दुकान बंद करायला निघालेल्या बायकांत त्याची बायको रखमी सर्वांत पुढे होती. "घरी सांगताना भजन म्हणून सांगतो," तो म्हणाला.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता: 'प्रभाव'. तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नव्हता. विनोदने प्राजक्ताला फोन केला.

"तुमच्यावर कुणाचा प्रभाव आहे ते लिहायचं," ती म्हणाली.

"ट्रॅक सतरा."

"नाव हवं."

गाणं ओळखणारं अ‍ॅप विनोदने एक्केचाळीस वेळा चालवलं. एक्केचाळीस वेळा उत्तर आलं, सापडलं नाही. मग त्याने जुन्या पावत्यांचं पुस्तक काढलं. त्या फोनपुढे लिहिलं होतं: हरेश्वर तांडेल, धाकटी डहाणू. नंबर लागत नव्हता. रविवारी चौघेही गेले.

हरेश्वर तांडेल खाडीच्या काठी जाळं शिवत बसले होते. अकरा वर्षं मालवाहू जहाजावर काम करून ते घरी परतले होते. विनोदने फोन पुढे केला.

"अजून आहे हा?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही फेकला असेल."

विनोदने ट्रॅक सतरा लावला. हरेश्वरांची सुई थांबली.

"हा तर डॅनिलो. फिलिपिन्सचा. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. रविवारी दुपारी मेसमध्ये गायचा. काही गाणी ऐकलेली, काही त्यानेच केलेली. मला म्हणाला, रेकॉर्ड कर, मुलीला पाठवू. समुद्रात नेट कुठलं? मग एका बंदरावर तो उतरला, मी पुढे गेलो, फोन बिघडला." त्यांनी जाळ्याची गाठ उगाच पुन्हा बांधली. "पाठवायचं राहिलंच."

विनोदने गाणं बंद केलं.

"त्याची आई गेलेली काय?" निर्मलाने विचारलं.

"छे! दर बंदरातून तिला फोन करायचा. ती त्याला ओरडायची. मग तो गायला बसायचा."

निर्मलाने यावर बराच विचार केला.

"आणि ही मागची ढक-ढक?" विनोद म्हणाला. "कोण वाजवतं?"

"ते इंजिन. मेसच्या खालीच होतं."

सगळ्यांनी झिपरूकडे पाहिलं. आठ महिने तो मन लावून जहाजाचं इंजिन वाजवत आला होता.

"बरोबर," झिपरू म्हणाला. "माणूस एवढा वेळ दमल्याशिवाय राहत नाय."

हरेश्वरांच्या पुतण्याने फेसबुकवर डॅनिलोची मुलगी शोधून दिली. विनोदने तिथेच बसून एक्केचाळीसच्या एक्केचाळीस गाणी पाठवली. खाडीकाठी रेंज कमी, त्यामुळे त्याला दुपार लागली. हरेश्वर मध्ये मध्ये येऊन किती झाली ते विचारून जात. शेवटचं गाणं गेल्यावर त्यांनी सगळ्यांना सुके बोंबील बांधून दिले आणि कार्ड तुमच्याकडेच ठेवा म्हणाले. उत्तर काही आलं नाही. विनोदने स्वतःचंही एक गाणं शेवटी जोडलं होतं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

रकान्यात त्याने लिहिलं: 'डॅनिलो, बोसन. जहाजाचं इंजिन. काकड्याची हळद.' प्राजक्ताने विचारलं, हा डॅनिलो कुठे ऐकायला मिळेल? विनोद म्हणाला, आमच्या दुकानात.

महोत्सवात त्यांना दुपारी चारची वेळ मिळाली. उन्हामुळे अर्धी माणसं सुरूच्या झाडांखाली होती आणि उरलेली आइस्क्रीमच्या रांगेत. निर्मलाने डोळे मिटून जीपचं गाणं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला विनोदचं बोट चुकीच्या तारेवर पडलं. पण निर्मलाचा आवाज हलला नाही, आणि विनोद तिच्या मागे मागे ठिकाणावर आला. रांगेतली माणसं तोंड वळवून ऐकू लागली. तिसऱ्या गाण्यात काकड्या सवयीने थेट हळदीच्या चालीत शिरला आणि स्टॉल लावणाऱ्या नरपडच्या बायका आपली कामं टाकून नाचायला आल्या. त्यांना बघून मुंबईची माणसंही आली. निर्मलाने गाणं थांबवलं नाही. दुःखाचं गाणं होतं, पण नाचता येत होतं. खाली उतरल्यावर विनोद वाळूत बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला.

सोमवारी डॅनिलोच्या मुलीकडून फोनवर बारा सेकंदांचा आवाज आला. आधी एक म्हातारा माणूस खोकला, मग हसला, मग इंग्रजीत तीन शब्द बोलला. विनोदला त्यातलं इंजिन कळलं. उरलेलं निर्मलाच्या भाचीने सांगितलं: इंजिनाचा आवाज फार मोठा झालाय. विनोदने तो आवाज झिपरूला ऐकवला. झिपरूने ढोलावर एक जुना टॉवेल टाकला.

उन्हाळ्यात त्यांनी सहा गाणी रेकॉर्ड केली. जागा निर्मलाने मिळवली, फुग्यांच्या कारखान्याचं गोदाम, सुट्टीच्या दिवशी. चारी बाजूंनी फुग्यांची पोती छतापर्यंत रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नाही. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेली शंखजिऱ्याची पूड तेवढी सगळीकडे उडते. चौथ्या गाण्यात काकड्या दोनदा शिंकला आहे. पुन्हा वाजवू या, असं विनोद म्हणाला, पण निर्मलाला ते गाणं तसंच आवडलं.