‘जपून’ नावाचा फ्लॅग

“ताई, हे ‘जपून’ काय आहे?”

नवा प्रोग्राम लिहायला आलेली पोरगी खुर्ची ओढून ताईंच्या खांद्याशी बसली होती. दवाखान्याच्या रेकॉर्डखोलीतला जुना प्रोग्राम बदलायचा होता, म्हणून ताई काम कशा करतात ते ती सकाळपासून न्याहाळत होती. मरण पावलेल्या नाहीतर गाव सोडून गेलेल्या पेशंटांची कार्डं ताई मशीनमधून पुसायच्या. त्यांनी नुकतंच टाइप केलं होतं: कार्ड पूस ४१७२ --जपून.

“सोपं आहे गं. आधी प्रोग्रामचं नाव. मग काय करायचं ते. शोध, बदल, पूस. मग नंबर. आणि दोन आडव्या रेघा देऊन, कसं करायचं ते.”

“म्हणजे ‘पूस’ ही सबकमांड आणि ‘जपून’ हा फ्लॅग.”

“तुमच्यात काय म्हणतात कोण जाणे. भाऊंनी शिकवलं तसं करते.”

भाऊ म्हणजे इथले कंपाउंडर. औषधांच्या पुड्या बांधता बांधता, पुस्तकं वाचून त्यांनी हा प्रोग्राम लिहिला होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

“बाकीचे फ्लॅग प्रोग्रामच्या मदतीच्या यादीत आहेत, हाच नाही. यानं होतं काय?”

“चूक होत नाही,” ताई म्हणाल्या. “पहिल्या पंधरवड्यातच मी एका जित्याजागत्या बाईचं कार्ड पुसलं होतं. तिला एक इंजेक्शन चालत नसे, ते त्यातच लिहिलेलं. सिस्टरांना आठवलं म्हणून वाचली. मी राजीनामा लिहून आणला. भाऊ म्हणाले, उद्यापर्यंत कळ काढा. दुसऱ्या दिवशी हा शब्द दिला. नव्यात हा नसेल, तर मी पुसायला हात लावायची नाही. आत्ताच सांगून ठेवते.”

पोरीनं भाऊंचा प्रोग्राम उघडला आणि ओळी वर-खाली करत राहिली.

“सापडलं?”

“सापडलं.” ती घुटमळली. “ताई, ‘जपून’ दिसलं तर वाचायचं आणि तसंच पुढे जायचं, एवढंच लिहिलंय. तो काहीच करत नाही.”

ताईंनी बोटांवर मोजलं. अकरा वर्षं. आठवड्याला तीन-चार कार्डं.

“कितीजणांची चुकून पुसली असतील गं मी?”

पोरीनं पुसलेल्या कार्डांची यादी रोज येणाऱ्या पेशंटांच्या नोंदींशी ताडून पाहायला घेतली. ताई खिडकीशी उभ्या राहिल्या. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना.

“दोन हजार एकशे सहा,” पोरगी म्हणाली. “त्यातलं नंतर दवाखान्यात आलेलं कुणी नाही. ती पहिली बाई सोडून.”

“असं कसं?”

“तो शब्द लिहून झाल्यावर तुम्ही काय करता?”

“काय करणार? नंबर पुन्हा वाचते, कुणाचं कार्ड पुसायचं त्या चिठ्ठीशी लावून बघते. ‘जपून’ लिहायचं आणि बघायचंच नाही, बरं दिसतं का ते?”

पोरगी हसली. ताई हसल्या नाहीत. औषधांच्या खिडकीतून डोकावून भाऊ रोज विचारायचे, “लावलंत ना ते?” आठ वर्षं विचारत होते. एकदाही चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही माणसानं.

“मग काढून टाकू? आता तुम्हाला गरज नाही.”

ताईंनी पदरानं चष्मा पुसला.

“राहू दे. माझ्या जागी येईल तीही पहिल्या पंधरवड्यात घाबरेलच.”

“आणि तिनं विचारलं, यानं काय होतं?”

“चूक होत नाही म्हणावं.”

पोरीनं नव्या प्रोग्राममध्ये तो शब्द लिहिला. त्याच्या पुढे काहीच लिहिलं नाही.