चिमूटभर ओवा

"वहिनी, एखादा कागद हाय का गो? मागून कोरा असला तरी चालंल."

रंभाने डब्यांचा ढीग बाजूला सारला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्या तीसेक माणसांचे डबे ती रोह्यातल्या या दोन खोल्यांतून पोचवत असे. बावीस वर्षांनी धाकटा दीर दारात उभा राहतो काय, आणि घोटभर पाणीही न पिता कागद मागतो काय! दार लावून घ्यावं की बसायला पाट द्यावा, तिला कळेना.

गुणाजी हमरापूरचा, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा. मूर्तीला रंग कुणीही द्यावा, पण डोळे गुणाजीनेच काढावेत, असं कारखानेवाले म्हणत. महिन्यापूर्वी मोठी मूर्ती उचलायला हात लावला आणि छातीत अशी कळ आली की गडी खालीच बसला. पेणच्या डॉक्टरांनी पनवेलला धाडलं. तिथे तपासण्या झाल्या, आता सोमवारी ऑपरेशन. भूल दिलेला माणूस उठेलच असं कोण सांगावं? त्याआधी एक ओझं उतरवायला तो आला होता.

ओझं जुनंच. थोरला भाऊ जनू, म्हणजे रंभाचा नवरा, गावच्या कबड्डी संघाचा पहिला चढाईवाला. सामन्याच्या दिवशी सकाळी छाती आवळल्यासारखी वाटते म्हणाला. रंभाने चिमूटभर ओवा त्याच्या हातावर ठेवला. "गॅस झाला असंल, जावा बिनघोर," म्हणाली. तिसऱ्या चढाईत जनू मधल्या रेषेवर पडला तो पडलाच. वय सव्वीस. पोराचं शरीर फाडू नका म्हणून म्हाताऱ्या बापाने सगळ्यांपुढे हात जोडले आणि कारण कळायचं राहून गेलं. मग घरात जो तो रंभाकडे बघू लागला. पण भरल्या घरात तोंड उघडलं ते गुणाजीने. "तूच धाडलंस त्याला." तेरावं झालं आणि रंभा माहेरी रोह्याला आली, ती परत गेली नाही.

गुणाजीने पेन घेतलं. एका दमात काळीज काढलं, रेघ कुठे थरथरली नाही.

"हे काळीज. सगळ्यांना रक्त देतंय, पण त्याला सोताला बी लागतंच की. त्याच्यासाठी ह्या दोन बारक्या नळ्या. एक उजवीकडून निघते, एक डावीकडून. माझी उजवी बी डावीकडनंच निघालीय. जन्मापासून. आन् ह्या दोन जाड नळांच्या मधून वाट काढत जाते."

"मग?"

"बसल्या जागी काय होत नाय. धावलं, जोर केला, की हे नळ फुगतात आन् ही मधी चेंगरते." त्याने पेन खाली ठेवलं. "जनूदादाला बी हेच होतं, वहिनी."

"डॉक्टर म्हणाले?"

"व्हय."

"खात्रीने?"

गाडीत येताना गुणाजीने 'व्हय, खात्रीने' हे उत्तर दहादा घोकलं होतं. पण तीस वर्षं देवाचे डोळे काढणाऱ्या माणसाला वहिनीच्या डोळ्यांत बघून खोटं काही रेटता येईना.

"खात्रीने नाय. असू शकतं, म्हणाले. आता कोण सांगणार? पण ओव्याने माणूस मरत नाय, हे मला तवाच ठाऊक होतं. तरी मी बोललो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

रंभाने त्या वाकड्या रेघेवर बोट ठेवलं.

"डब्याची पोरं म्हणतात, मावशी, तुमच्या भज्यांत ओवा का नसतो? काय सांगू त्यांना?" तिने बोट उचललं. "येवढं सांगायला तुमची सोताची छाती दुखावी लागली, भावजी?"

गुणाजी मान खाली घालून रडला, अगदी हुंदके देऊन. तीही रडली. मग पदराने तोंड पुसून तिने त्याचं ताट वाढलं, आणि भाताचा घास त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत समोर बसून राहिली.

"मी येते टेशनावर," ती म्हणाली आणि कॅलेंडरचं पान घडी करून पोलक्यात ठेवलं.

दोघं हळूहळू चालत निघाली. स्टेशन समोर दिसायला लागलं तोच पनवेलच्या गाडीचा भोंगा झाला. गुणाजीचे पाय सवयीने उचलले गेले. रंभाने त्याचं मनगट घट्ट पकडलं.

"थांबा."

"वहिनी, गाडी जाईल गो!"

"जाऊ दे. धावायचं नाय."

गाडी डोळ्यांसमोरून निघून गेली. दोघं फलाटावरच्या बाकावर जाऊन बसली. पुढच्या गाडीला बराच वेळ होता, आणि ती येईपर्यंत रंभाने त्याचं मनगट सोडलं नाही.