केटी सहासष्टची जोडी

खुशालराव अकोल्याहून अमरावतीला सांत्वनाला निघाले तेव्हा पिशवीत सफरचंदं होती आणि सफरचंदांखाली जुनी वर्तमानपत्रं. काचेची वस्तू गुंडाळायला लागतील म्हणून. दोस्त गेल्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण दुःखाच्या मागोमाग तोंडाला पाणीही सुटलं होतं, त्याला काय म्हणावं?

अब्दुल गफ्फार आणि खुशालराव दोघेही जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांचे वेडे. दर्यापूरचं भंगार असो की धारणीचा एखादा बंद पडलेला लाउडस्पीकर, रेडिओच्या पोटातला दिव्यासारखा काचेचा व्हॉल्व्ह मिळेल म्हटलं की हे दोघे आणि फोनवरच्या रेडिओवाल्यांच्या ग्रुपमधले बाकीचे हजर. गफ्फारभाईंच्या कपाटात मात्र केटी सहासष्ट जातीच्या व्हॉल्व्हची कधीच न लावलेली जोडी होती, मूळ खोक्यात तशीच. तिला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

गफ्फारभाई गेले त्या सकाळी त्यांच्या मुलीचा, अफसानाचा फोन आला होता. "काका, अब्बू गेले. त्यायच्या फोनचं लॉक उघडून नाही राहिलं. तुमीच सांगा ग्रुपमधल्या सगळ्यायले."

खुशालराव "हो बेटा" म्हणाले आणि चिडीचूप बसले. सांगितलं की सगळी गिधाडं आपल्या आधी कपाटाशी पोचणार! सांगू सावकाश, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. तब्येतीचं निमित्त काढून स्वतःही मातीला गेले नाहीत. आणि आता, घरातली गर्दी ओसरल्यावर, ते साळसूदपणे त्या कपाटासमोर चहा घेत बसले होते.

"काका, तुमची तर तब्येत बरी नव्हती," अफसाना म्हणाली. "पण बाकीचे काहून नाही आले? एकाचा फोनबी नाही."

"सोयाबीनचे दिवस आहेत ना बेटा..."

"अब्बू म्हणत, माह्या मातीले माही रेडिओवाली मंडळी येतीन. चाचालोक घाई करून राहिले होते. मय्यत ठेवू नाही, लवकर दफन करा म्हणे. मी भांडली त्यायच्याशी. म्हटलं, दर्यापूरची जीप असन, धारणीचा रस्ता खराब असते. येऊन राहिले असतीन. दुपारची नमाज झाली तरी जनाजा उचलू नाही दिला. दारातच उभी होती मी."

खुशालरावांना आपलीच शिसारी आली. त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटा, मी कोणालेच सांगतलं नाही."

"काहून?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी कपाटाकडे बोट केलं.

अफसानानं कपाटाकडे पाहिलं. तिनं शिव्या घातल्या असत्या, पिशवी बाहेर भिरकावली असती, तर खुशालरावांना सोपं गेलं असतं. तसलं काही तिनं केलं नाही.

"फोन लावा," ती म्हणाली. "आत्ता, माह्यासमोर. एकेकाले तुमीच सांगा. स्पीकरवर ठेवा."

खुशालरावांनी फोन काढला. पहिला नंबर दर्यापूरच्या पुंजाजींचा लागला.

"बोला खुशालराव!" पलीकडून मोकळा आवाज आला. "बरं झालं तुमीच फोन केला. गफ्फारभाई फोन नाही उचलून राहिले. मी परवा निघतो त्यायले भेटाले, तुमी येता काय संगं?"