हलवा भरला!

जीवन कोळ्याने ऑफिसातल्या सर्व्हरना माशांची नावं ठेवली होती. ईमेल सांभाळणारी सुरमई, बॅकअप साठवणारा सुका बोंबील, कारण अडीअडचणीला तोच कामाला येतो, आणि न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या ट्रकांचे गेटपास काढणारा हलवा. कळंबोलीच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ही नावं सगळ्यांच्या तोंडी बसली होती. पंचाईत व्हायची ती त्याच्या हाताखालच्या एकट्या भावनाची. पनवेलला तिच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि ही बाई दिवसभर सुरमई उघडून बसलेली!

पण जीवनदादावर तिचा सख्ख्या भावासारखा जीव होता. तिला लिनक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हापासून त्याने शिकवलं, तेही न ओरडता. "पुसायच्या आधी बघ, बाय. पुसल्यावर बघायला काय उरत नाय," असं तो डबा खाता खाता सांगायचा. नोकरी लागल्यापासून नारळी पुनवेला तो कधी घरी गेला नव्हता, आणि त्याची म्हातारी आई दरवर्षी रुसायची. यंदा भावनाने त्याला जवळजवळ ढकलूनच उरणला पाठवलं. जाताना त्याने हलव्याचा रूट पासवर्ड, म्हणजे घरच्या सगळ्या किल्ल्याच, एका दिवसापुरत्या तिच्या हाती दिल्या.

"तुम्हाला एक फोन जरी केला ना, तर नाव बदलेन," ती म्हणाली.

आणि नेमकी पुनवेच्या दुपारीच हलव्याची डिस्क काठोकाठ भरली. गेटपास छापेनात. फाटकावर ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसले.

"जीवनला बोलावून घे, मी गाडी पाठवतो," मॅनेजर अविनाश साहेब म्हणाले.

"थोडा वेळ द्या, साहेब."

प्रोग्राम आपली रोजची बडबड ज्या लॉग फाइलमध्ये लिहितो, ती फुगून बसली होती. भावनाने बोंबिलावर तिची एक प्रत ठेवली आणि मूळ फाइल पुसली. जागा मात्र तसूभरही सुटेना! फाइल गायब आणि डिस्क भरलेलीच. शेवटी शब्द मोडून तिने फोन लावला. उचलला त्याच्या आईने.

"जीवन धक्क्यावर गेलाय, फोन घरीच हाय. कोन गो तू?"

"मी ऑफिसातली भावना, मावशी. त्यांना सांगा ना, हलवा भरलाय!"

"भरलास? मंग भाज की!"

"नाही हो, रिकामा करायचाय. आतलं काढलं, तरी जागा होत नाही."

"आगो, कल्ल्याला धरून असतं ते. पोट फाडून काय व्हतंय? पयला कल्ला काड." मग म्हातारीचा आवाज हळू झाला. "बोलवू काय त्याला? होरी धक्क्यावरना अजून सुटली नाय."

मागे ढोल वाजत होता. "नको, मावशी. जाऊ दे त्यांना."

फोन ठेवला, पण 'धरून असतं' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. धरून! जीवनदादाने हे सांगितलं होतं की, आणि तिने नुसती मान डोलावली होती: पुसलेली फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. आता तिने एलएसओएफ ही कमांड दिली. ती कोणी काय धरून ठेवलंय ते दाखवते. गेटपासचाच प्रोग्राम ती पुसलेली फाइल कवटाळून बसला होता. तिने तो बंद करून पुन्हा चालू केला. डिस्क मोकळी झाली, प्रिंटर खडखडला, आणि फाटकावरचे हॉर्न एकेक करून थांबले. भावनाला रडूच आलं, आणि ती खुशाल रडली.

दुसऱ्या दिवशी जीवनने दोन खणांचा डबा तिच्यापुढे ठेवला. वर नारळीभात आणि खाली मसाला भरून तळलेला अख्खा हलवा.

"आयेने दिलाय. म्हनते, पोरीचा काल बिघडला असंल. तुझ्या घरी हलवा कधीपास्ना करतात? नी पुनवेला फोन केलास तू?"

"केला. पण तुम्हाला नाही."

कालच्या रांगेचं जीवनने फाटकावर येतानाच ऐकलं होतं. हळूहळू त्याला सगळं उमगलं. काल आपण निवांत होरीत बसलो, आईच्या हातचा नारळ दर्याला दिला, तो या दोघींच्या जिवावर. त्याने नाक ओढलं, खालचा खण आपल्याकडे घेतला आणि नारळीभात तिच्याकडे सरकवला.

"हा हलवा माझा," सर्व्हरकडे बोट करून तो म्हणाला, "तो आजपासून तुझा."